पार्टीतले सोबती फक्त नायकाशीच बोलतात. त्यांना आपापसात बोलतं कसं करायचं?

तिसरा_पहारा

नमस्कार मंडळी. पार्टी (नायक आणि त्याचे सोबती) घेऊन फिरायचा आरपीजी, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओगेम आहे, संवाद मराठीत, लांबी साधारण २० तास. एकूण सहा सोबती. त्यातले तीन नायकाबरोबर फिरतात, तीन तळावर थांबतात.

प्रत्येक सोबत्याचं नायकाशी असलेलं नातं व्यवस्थित उभं राहिलंय. आपापसात मात्र सगळे एकाच रांगेत उभे असलेले अनोळखी लोक वाटतात. म्हणून सहा जणांच्या १५ जोड्या काढल्या आणि प्रत्येक जोडीला चार असे ६० छोटे संवाद लिहिले, प्रत्येकी चार ते सहा ओळींचे. दर १० मिनिटांनी टायमर वाजतो, पार्टीत असलेल्या जोड्यांमधला एक न ऐकलेला संवाद निवडला जातो आणि चालता चालता सुरू होतो.

चार गोष्टी बिघडतात. संवाद चालू असताना लढाई लागली की तो तुटतो आणि परत कधीच येत नाही. कथेत एखादी मोठी घटना घडून गेली तरी तिच्या आधीचा संवाद नंतर येतो. परवाच्या चाचणीत दोघं जण मेलेल्या माणसाबद्दल 'त्याला भेटायला हवं' म्हणत होते. तिसरं, चाचणी घेणारे सांगतात की सुरुवातीला सोबती बडबडतात आणि मग गप्प होतात. आणि चौथं, दोन सोबत्यांचं भांडण दाखवायचं आहे, पण प्रत्येक वेळी नायकाने न्यायनिवाडा करायचा, हे खोटं वाटतं.

कुठून सुरुवात करू?

---

खटका

तिसऱ्या अडचणीपासून करा. ती साध्या गुणाकारात आहे.

बहुतेक खेळाडू पहिल्या काही तासांत आपले तीन आवडते सोबती ठरवतात आणि शेवटपर्यंत तेच घेऊन फिरतात. तिघांच्या जोड्या होतात तीन. तीन गुणिले चार, म्हणजे १२ संवाद. दर १० मिनिटांनी एक, म्हणजे दोन तासांत पोतं रिकामं. लढाई, दुकान, मेनू यांचा वेळ वगळून टायमर चालवला तरी फार तर चार तास पुरेल. पुढचे १६ तास शांतता, आणि लिहिलेले ४८ संवाद कोणी ऐकतच नाही. अजून १०० लिहिलेत तरी हेच होईल, फक्त थोडं उशिरा.

त्यामुळे आधी संवादांना टप्पे द्या. जोडीच्या चार संवादांपैकी पहिला दोघं पार्टीत आल्यावर लगेच, दुसरा अमुक प्रकरण संपल्यावर, तिसरा मधल्या मोठ्या वळणानंतर, चौथा शेवटच्या भागात. एका प्रकरणात एका जोडीचा एकच संवाद. उरलेल्या वेळात काय ऐकू येईल, तर जागेवरच्या सुट्या ओळी: एकाने काही म्हणायचं, दुसऱ्याने एका वाक्यात उत्तर द्यायचं. या स्वस्त पडतात आणि लांब शांतता भरून काढतात.

आता खटका कशाने ओढायचा, म्हणजे संवाद कशाने सुरू करायचा. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९) तो जागेवर होता. नकाशावर ठरावीक ठिकाणं होती, पूल, दरवाजे वगैरे, आणि तिथून पार्टी गेली की पुढचा संवाद सुरू व्हायचा. फायदा असा की जागा शांत आहे हे नकाशा बनवणाऱ्याला आधीच माहीत असतं. तोटा असा की खेळाडूला जागा कळली की तो त्याच पुलावरून येरझाऱ्या घालून सगळं एका दमात ऐकतो. त्याच मालिकेतल्या इन्क्विझिशनमध्ये (२०१४) मोकळी मैदानं अवाढव्य होती, तिथे वेळेवर चालणारी पद्धत आली. मग तासन्तास कोणी बोलतच नाही अशी तक्रार खेळाडूंनी भरपूर केली.

दोन्ही एकत्र करा. प्रत्येक भागात सहा ते आठ जागा ठेवा. जागा ओलांडली की फक्त 'आता बोलायला हरकत नाही' एवढंच कळतं. कोणता संवाद लागणार ते वाट बघणाऱ्या संवादांची रांग ठरवते. शिवाय दोन संवादांत किमान पाच मिनिटांचं अंतर, आणि हे घड्याळ फक्त चालताना पुढे सरकतं. म्हणजे येरझाऱ्या घालूनही काही मिळत नाही.

सुरू करण्याआधी तपासायचं ते असं. शेवटची लढाई संपून किमान आठ-दहा सेकंद झालीत. संवादपेटी उघडी नाही. दोघंही शुद्धीवर आहेत आणि नायकापासून दहाएक मीटरच्या आत आहेत. दुसरा कोणताही आवाज चालू नाही. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: पुढच्या ३० सेकंदांच्या चालीत एखादा ठरलेला प्रसंग किंवा दबा धरून बसलेले शत्रू नाहीत. ही शेवटची अट कोडमध्ये शोधत बसू नका. प्रत्येक ठरलेल्या प्रसंगाच्या अलीकडे नकाशावर एक 'शांत पट्टा' रंगवून टाका. त्यात पाय पडला की नवा संवाद सुरू होत नाही. तुमचे निम्मे तुटलेले संवाद एवढ्याने वाचतील.

उरलेल्या निम्म्यांसाठी. 'ऐकला' हा फ्लॅग (कोडमधली हो-नाही खूण) तुम्ही संवाद सुरू होतानाच लावत असणार, म्हणून तुटलेला कायमचा जातो. तो शेवटी लावलात तर उलटं होतं: पहिली ओळ तीन-तीनदा ऐकू येते आणि सोबती यंत्र वाटायला लागतो. म्हणून प्रत्येक संवादात एक 'पकड ओळ' ठरवा, जिथे मुद्दा कळलेला असतो; बहुधा दुसरी किंवा तिसरी. तिच्या आधी तुटला तर फ्लॅग लागत नाही आणि १५ मिनिटांनी तो परत रांगेत येतो. तिच्या नंतर तुटला तर ऐकला असं धरायचं, आणि लढाई दीड मिनिटात संपली तर राहिलेली ओळ पूर्ण करायची. त्यासाठी प्रत्येक पात्राला दोन तोडणाऱ्या ओळी ('थांब, कोणीतरी आहे') आणि तीन जोडणाऱ्या ओळी ('हं, तर मी म्हणत होते') लिहून ठेवा. सहा जणांच्या मिळून ३० ओळी होतात, आणि सगळे ६० संवाद त्यावर चालतात. दीड मिनिटाहून जास्त गेलं असेल तर जोडू नका. एवढा वेळ वाक्य तोंडात धरून कोणी लढत नाही.

मेलेल्या माणसाची गोष्ट. प्रत्येक संवादाला 'कधीपासून' ही अट सगळे लावतात, 'कधीपर्यंत' लावायची राहते. तक्त्यात तो रकाना घाला. सोबत 'उल्लेख' नावाचा आणखी एक रकाना: या संवादात ज्या ज्या तिसऱ्या माणसाचं नाव येतं, ते सगळे तिथे लिहा. त्यातला एखादा मेला, निघून गेला किंवा शत्रू झाला की तो संवाद आपोआप रांगेतून बाद. ही तपासणी एकदा लिहिली की प्रत्येक संवादाला वेगळी अट लावायची गरज उरत नाही.

---

जोडाक्षर

खटका यांनी यंत्राची बाजू स्वच्छ मांडलीये. लिहिण्याच्या बाजूने माझं मत जरा टोकाचं आहे: १५ जोड्यांना समान वाटप करू नका.

सहा माणसं एकत्र राहिली तर त्यांच्यात १५ सारखी नाती तयार होत नाहीत. तीन-चार घट्ट होतात, एक-दोन तुटतात आणि बाकीच्यांत नुसता शिष्टाचार असतो. खेळातही तसंच हवं. पाच जोड्या निवडा आणि प्रत्येकीला सहा ते आठ संवाद द्या. बाकी दहा जोड्यांना दोन-दोन पुरेत. एकूण आकडा तेवढाच राहतो, पण आता पाच नाती खेळाडूच्या लक्षात राहतात. निवडताना एवढंच बघा की प्रत्येक सोबती किमान एका मोठ्या जोडीत आहे. एखादा कुठल्याच जोडीत बसत नसेल तर तो सोबतीच अर्धवट लिहिला गेलाय.

जोडी कशावर उभी करायची? 'तो धार्मिक, ती नास्तिक' हा वाद दोन संवादांत संपतो, कारण दोघंही तेच ते बोलत राहतात. जोडीला एक सामाईक वस्तू किंवा काम द्या, जे दोघांना मिळून करावं लागतं. इन्क्विझिशनमध्ये सोलस आणि आयर्न बुल चालता चालता मनातल्या मनात बुद्धिबळ खेळतात, पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसत्या तोंडी चाली. डाव अनेक संवादांत पसरलेला आहे. तत्त्वज्ञानावर भांडणारी ही दोन माणसं त्या डावामुळे एकमेकांना मोजायला लागतात. वादाचा विषय तोच राहतो, त्यांचा एकमेकांबद्दलचा अंदाज बदलत जातो.

तुमच्याकडची पात्रं माहीत नाहीत, म्हणून एक जोडी कल्पून दाखवते. रक्मा ही म्हातारी होत आलेली शिपाई, बाजी हा चोर. सामाईक काम: रात्रीचा पहारा.

पहिला टप्पा:

रक्मा: काल पहाऱ्यावर तू झोपला होतास.
बाजी: डोळे मिटले होते. कान उघडे होते.
रक्मा: आणि घोरत कोण होतं?

तिसरा टप्पा, रक्माला जखम होऊन गेल्यानंतर:

बाजी: आज पहिला पहारा माझा.
रक्मा: तुझा दुसरा असतो.
बाजी: दुसऱ्याला तू माझ्या शेजारी येऊन बसतेस. पहिल्याला तरी पडून राहशील.
रक्मा: घोंगडी घेऊन बस. दगड गार असतो.

कोणी 'माझा तुझ्यावर विश्वास बसलाय' असं म्हटलेलं नाही. पहाऱ्याची पाळी बदलली, बस. आणि दुसऱ्या टप्प्यातला संवाद खेळाडूने ऐकलाच नाही असं समजा, तरी तिसरा कळतो. हे फार महत्त्वाचं आहे. तिसरा संवाद दुसऱ्याच्या माहितीवर टेकलेला असेल तर ज्याचा दुसरा हुकला त्याला तो कोड्यासारखा वाटतो. टप्पा पुढे सरकताना मधला संवाद हुकला असेल तर तो सरळ सोडून द्या, मागून वाजवू नका.

अजून एक. हे संवाद नायकाबद्दल नसावेत. दोन सोबती भेटले की तिसऱ्या वाक्याला 'आपला सरदार किती शूर आहे' यावर येतात, हा रोग फार पसरलाय. ६० मधले दहापेक्षा जास्त संवाद नायकाभोवती फिरत असतील तर त्यातले निम्मे काढून टाका.

मराठीत लिहिताय म्हणून एक सोय आणि एक अडचण. सोय अशी की तू आणि तुम्ही आपल्याकडे आहेत. शिष्टाचाराच्या जोडीने पहिल्या दोन टप्प्यांत 'तुम्ही' म्हणायचं आणि लढाईत कोणीतरी कोसळल्यावर तोंडातून 'ऊठ, ऊठ ना!' निघून जायचं. मग त्यानंतर 'तू'च राहायचं. नातं बदलल्याचं याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही. पण त्यासाठी प्रत्येक जोडीचं संबोधन तक्त्यात लिहून ठेवा. कोण कोणाला अहोजाहो करतं आणि कोणत्या टप्प्यापासून थांबतं. नाहीतर चौथ्या टप्प्यात 'तू' आणि सुट्या ओळीत 'तुम्ही' अशी खिचडी होते.

अडचण क्रियापदाची. सोबत्यांचं लिंग ठरलेलं असतं, त्यामुळे आपापसातल्या ओळी एकदाच लिहून भागतं. नायक मात्र खेळाडू ठरवेल तो किंवा ती. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' अशा प्रत्येक ओळीचं दुहेरी ध्वनिमुद्रण होतं. शक्य तिथे 'त्यांनी सांगितलं', 'त्यांना पटलं नाही' अशी रचना वापरा, ती दोन्हीकडे चालते.

---

सारीपाट

चौथ्या प्रश्नावर लिहितो, भांडणाच्या.

नायकाच्या मध्यस्थीचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण मास इफेक्ट २ (२०१०). जॅक आणि मिरांडा, टाली आणि लीजन, यांची जहाजावर जुंपते. नायकाचा पॅरागॉन (सज्जनपणाचा) किंवा रेनिगेड (दांडगाईचा) गुणांक पुरेसा असेल तर दोघांची निष्ठा टिकते, नसेल तर एकाची बाजू घ्यावी लागते आणि दुसऱ्याची निष्ठा जाते. निष्ठा गेली की शेवटच्या मोहिमेत तो मरण्याची शक्यता वाढते. प्रसंग म्हणून जोरदार आहे. पण भांडणाचा निकाल त्या दोघांच्या स्वभावावर ठरत नाही, नायकाच्या गुणांकावर ठरतो. दोन वाक्यांत वाद मिटतो आणि ती दोघं त्यावर पुन्हा फारसं बोलत नाहीत. तुम्हाला खोटं वाटतंय ते हेच असणार.

दुसरं टोक बाल्डर्स गेट २ (२०००). केल्डॉर्न हा पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि व्हिकोनिया ही ड्राउ (दुष्ट मानल्या जाणाऱ्या पाताळी एल्फ जमातीतली), दोघांना एकत्र ठेवलं तर प्रकरण हातघाईवर जातं. पहिल्या भागात (१९९८) खालिद आणि जहीरा नवराबायको. एकाला काढलं की दुसराही चालता होतो. तिथे सोबत्यांची इच्छा खरी वाटते, कारण ती खेळाडूच्या सोयीच्या आड येते. तोटा उघड आहे: पार्टी बांधताना बेसावध असलात तर एक माणूस हकनाक जातो.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) यांच्या मध्ये बसतं. लाएझेल आणि शॅडोहार्ट यांच्यात सुरुवातीपासून खटके उडत असतात, सगळ्यांसमोर, वाटेत. मग एका रात्री तळावर सुरी निघते. नायक मध्ये पडू शकतो, आणि चुकलं तर एक जण मरूही शकते. इथे अन्याय वाटत नाही, कारण वाटेतल्या बोलण्यातून ठिणग्या आधीच दिसलेल्या असतात.

यावरून एक मोजमाप घ्या: कायमचं नुकसान होणार असेल तर त्याआधी किमान दोन इशारे, आणि त्यातला एक तरी चुकवता न येणारा. वाटेतला संवाद हुकू शकतो, म्हणून तो इशारा मोजू नका. तळावर शिरताना आपोआप घडणारं छोटं दृश्य हा पक्का इशारा.

हिशेब कसा ठेवायचा. शंभर आकड्यांची पट्टी नको. दोन सोबत्यांमधलं नातं खेळाडूला आकड्यात दिसणारच नसेल तर ३७ आणि ४१ यांतला फरक फक्त तुम्हाला कळतो आणि चाचणी करणं अशक्य होतं. पाच अवस्था पुरेत: वैर, कुरबुर, अनोळखी, सलोखा, मैत्री. आणि दोन दिशा वेगळ्या ठेवा. रक्माला बाजी आवडायला लागला म्हणून बाजीला रक्मा आवडते असं नाही. या तफावतीतूनच चांगले संवाद निघतात. सहा जणांसाठी ३० किमती होतात, सेव्ह फाइलमध्ये नगण्य जागा.

अवस्था बदलायची ती घटनेने. पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायर (२०१८) याचा अभ्यास करण्यासारखा आहे. तिथे सात मुख्य सोबत्यांना आवडीनिवडीचे विषय दिलेत, आणि नायकाच्याच नव्हे तर एकमेकांच्या बोलण्यावरही त्यांची मतं बदलतात. पॅलेजिनाला देवभक्तीचं वावडं आणि झोटी पुजारीण, त्यामुळे तिथे ठिणगी उडणारच. कल्पना सुंदर आहे. पण खेळ बाहेर आला तेव्हा नाती फार भराभर टोकाला जात होती, नंतर पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) ती सावरावी लागली. छोटी टिप्पणी आणि मोठी घटना दोन्ही एकाच भांड्यात पडू लागल्या की असंच होतं: दहा किरकोळ टोमण्यांचं वजन एका विश्वासघाताएवढं होतं.

त्यामुळे टोमण्यांना शून्य वजन द्या. अवस्था एका प्रकरणात एकदाच आणि एकाच पायरीने बदलू द्या. 'वैर' आणि 'मैत्री' या दोन टोकांना जाण्यासाठी नाव असलेली घटना लागेल: अमक्याने तमक्याला सोडून दिलं, अमकीने तमक्यासाठी खोटं बोललं. ती घटना फ्लॅग म्हणून साठवा, म्हणजे पुढच्या संवादात तिचा उल्लेख करता येतो. नुसती अवस्था साठवली तर दोघं रागावलेत हे कळतं, कशावरून ते कोणालाच सांगता येत नाही.

नायकाची भूमिका? तीन भांडणांपैकी एकात त्याला विचारा. एकात तो फक्त बघतो. आणि एकात त्याला नंतर कळतं, तळावर परत आल्यावर दोघांच्या पथाऱ्या लांब गेलेल्या दिसतात तेव्हा. तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरा.

---

तिसरा_पहारा

खूप आभार. पाच जोड्यांची कल्पना घेतली, 'उल्लेख' रकानाही आजच घालते. दोन शंका. पहिली, तळावर राहिलेल्या तिघांचं काय? ज्या जोड्या पार्टीत कधीच एकत्र येणार नाहीत त्यांचं काम वाया जाणार का? दुसरी, लढाईत सोबत्यांचं नातं दिसावं म्हणून मित्राला आधी बरं करायचं, वैऱ्याला नंतर, असं केलं तर?

---

खटका

दुसरीचं उत्तर लगेच: नको. खेळाडूला आतलं कारण दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की वैद्याने मरणाऱ्याला सोडून खरचटलेल्याला औषध दिलं, आणि तो एआयला शिव्या घालतो. नात्याने काही वाढत असेल तर चालतं, कमी होत असेल तर चालत नाही. क्रोनो ट्रिगरमध्ये (१९९५) दोन किंवा तीन सोबती मिळून एक डाव टाकतात. तो कोणाबरोबर कोण आहे यावर ठरतो आणि खेळाडूला मेनूत दिसतो. तुम्ही 'सलोखा' अवस्थेला जोडीचा एक डाव उघडा. वैर असेल तर तो बंद राहतो, शिक्षा वेगळी नको.

बाकी लढाईत आवाजावर भर द्या. कोण पडलं यापेक्षा कोण पडल्यावर कोण ओरडतं हे महत्त्वाचं. इथे नियम असा ठेवा की जास्त अटी जुळणारी ओळ जिंकते. लेफ्ट फोर डेड २ (२००९) मधले संवाद याच तत्त्वावर निवडले जातात. 'कोणीतरी पडलं' ही एक अट, 'बाजी पडला' या दोन, 'बाजी पडला आणि बोलणारी रक्मा आणि त्यांची मैत्री आहे' या चार. नेमकी ओळ असेल तर ती येते, नसेल तर साधी. म्हणजे सगळ्या ३० दिशांसाठी ओळी लिहायची सक्ती राहत नाही, जिथे सुचतं तिथे लिहा.

---

जोडाक्षर

तळाबद्दल. सहातले तीन घेऊन जायच्या २० रीती आहेत, आणि एखादी ठरावीक जोडी त्यातल्या चारांत एकत्र असते. म्हणजे खेळाडू अगदी फिरवून फिरवून माणसं नेत असला तरी पाचातून एकदा. इन्क्विझिशनमध्ये नऊ सोबती आणि सोबत तीन, तिथे हेच प्रमाण बारातून एकदा इतकं खाली जातं. म्हणून महत्त्वाच्या पाच जोड्यांचा कणा वाटेवर ठेवूच नका. प्रत्येक जोडीचे दोन संवाद तळावर, जिथे सगळे असतात, आणि बाकीचे वाटेवर. वाटेवरचे ऐकले तर नातं भरदार होतं, नाही ऐकले तरी तळावरच्या दोनांवर ते उभं राहतं.

तळावरचं काम तीन पायऱ्यांनी महाग होत जातं. सर्वांत स्वस्त म्हणजे जागा बदलणं. प्रत्येक प्रकरणानंतर कोण कुठे बसलंय हे नव्याने मांडायचं. मास इफेक्ट ३ मध्ये (२०१२) जहाजावरचे लोक आपापल्या खोलीतून उठून दुसऱ्याकडे गेलेले दिसतात, ड्रॅगन एज २ मध्ये (२०११) एक सोबती दुसऱ्याच्या घरी सापडतो. तुमच्या तळावर सहा पथाऱ्या, एक शेकोटी, एक ओढा एवढं असलं तरी भरपूर मांडण्या होतात. त्यापुढे, जवळून गेलं की ऐकू येणारं चार ओळींचं बोलणं. इथे एक खबरदारी: नायक जवळ येताच दोघं वळून त्याच्याकडे बघतात हे बंद करा. सगळा परिणाम त्या एका वळण्याने जातो. सर्वांत महाग ते पूर्ण दृश्य. संपूर्ण खेळात जोडीमागे एक, जास्त नाही. विश्रांतीला जोडूनही चालतं: पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइचसमध्ये (२०२१) मुक्काम पडला की सोबत्यांचं बोलणं येतं, आणि तिथे लढाईने तुटायची भीती नसते.

खेळाडूच्या हातात द्यायचं असेल तर दोन जुने रस्ते आहेत. टेल्स मालिकेत १९९७ च्या टेल्स ऑफ डेस्टिनीपासून सोबत्यांच्या छोट्या गप्पा आहेत. पुढच्या खेळांत पडद्यावर सूचना येते आणि बटण दाबलं तरच गप्पा सुरू होतात. ज्याला घाई आहे तो पुढे जातो, आणि काही हुकतंय हे त्यालाही माहीत असतं. दुसरा रस्ता फायर एम्ब्लेमचा. द बाइंडिंग ब्लेडपासून (२००२) जोडी लढाईत शेजारी उभी राहिली की त्यांचं नातं सी, बी, ए असं चढतं आणि प्रत्येक पायरीला एक संवाद. त्या खेळात एका पात्राला एका फेरीत पाचच असे संवाद मिळायचे, त्यामुळे कोणाला कोणाशेजारी उभं करायचं हा खरा निर्णय व्हायचा. तुमची लढाई चौकोनांवरची नसेल तर तसाच्या तसा उचलू नका. धावपळीत कोण कोणाशेजारी होतं याचा खेळाडूला पत्ता नसतो.

प्रेम जुळवायचं असेल तर ते खेळाडूच्या पाठीमागे जुळू द्या, पण त्याने दोघांपैकी कोणालाच निवडलेलं नसेल तरच. मास इफेक्ट ३ मधले गॅरस आणि टाली, इन्क्विझिशनमधले आयर्न बुल आणि डोरियन, ड्रॅगन एज: द व्हेलगार्डमधले (२०२४) लुकानिस आणि नीव्ह, सगळीकडे हीच अट आहे. नायकाने नुसती छेडछाड केली असेल तर? तिथे एक सरळ प्रश्न विचारणारा प्रसंग ठेवा, 'तुमचं आणि तिचं काही आहे का?' उत्तरावर पुढचं ठरू द्या. हे न विचारता जोडी जुळवलीत तर खेळाडूला आपलं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटतं.

---

सारीपाट

चाचणीचं राहिलं. हाताने खेळून हे तपासता येत नाही. २० पार्ट्या, पाच प्रकरणं धरली तर १०० मांडण्या. एक स्क्रिप्ट लिहा: प्रत्येक मांडणी उभी करायची, रांगेत कोणते संवाद पात्र ठरतात त्याची यादी फाइलमध्ये काढायची, प्रत्यक्ष वाजवायचं काही नाही. यादीत तीन गोष्टी शोधा. कुठल्याच मांडणीत न येणारा संवाद, म्हणजे अटी एकमेकींना मारतायत. एकही संवाद नसलेली मांडणी, म्हणजे तिथे शांतता. आणि आठाहून जास्त संवाद असलेली, म्हणजे तुमचं आवडतं प्रकरण तेच आहे आणि बाकीची उपाशी.

शिवाय खेळताना एका कळीवर उघडणारी खिडकी ठेवा: आत्ता रांगेत काय आहे आणि जे नाही ते कोणत्या अटीमुळे अडलंय. 'शांत पट्टा', 'अंतर', 'उल्लेख: मृत' असं कारण समोर दिसलं की अर्ध्या मिनिटात चूक सापडते. ही खिडकी नसेल तर 'सोबती बोलत नाहीत' एवढ्याच तक्रारीवर दिवस जातो.

---

तिसरा_पहारा

स्क्रिप्ट आत्ताच चालवली, एकच प्रकरण घेऊन. २० पैकी सात पार्ट्यांमध्ये एकही संवाद पात्र ठरत नाहीये. त्यातल्या चार ठिकाणी वैद्य आणि साधू एकत्र आहेत आणि दोघांच्या सगळ्या संवादांना चुकून एकच फ्लॅग लागलाय, जो तिसऱ्या प्रकरणात उघडतो. पण त्यांची जोडी तर चारच पार्ट्यांत येते ना? उरलेल्या तीन कुठून आल्या?

---

सारीपाट

बरोबर पकडलंत. जोडी चारांतच येते, त्यामुळे त्या तीन पार्ट्यांना दुसरं काहीतरी अडवतंय, आणि नुसत्या जोडीच्या अटीने पूर्ण पार्टी मुकी होणारच नाही, तिथे अजून दोन जोड्या असतात. फ्लॅग जोडीला लागलाय की माणसाला ते बघा. साधूच्या फाइलला लागला असेल तर तो ज्या ज्या पार्टीत आहे तिथल्या त्याच्या दोन्ही जोड्या बंद, आणि उरते एकच. तिचा या प्रकरणातला संवाद लिहिलेला नसेल तर यादी रिकामी. सातही पार्ट्यांची नावं इथे टाका, समाईक माणूस लगेच दिसेल.